झाडीपट्टींतील उन्हाळ्याची सुटी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, कीं आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत एकच प्रश्न घोळूं लागतो: यंदा थंड हवेच्या ठिकाणीं कोठें जावयाचें? कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी माथेरान. आम्ही नागपूरकडचे लोक फार झालें तर चिखलदरा म्हणतों. मुलांना घेऊन चंद्रपूरकडे गेलें होतें, असें मीं सांगितलें तेव्हां पुण्याच्या एका आप्त बाईंनीं डोळे विस्फारून विचारलें, "अहो, पण तेथें तर भट्टी पेटलेली असते ना?" असते. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मे महिन्यांत तेथें पारा ४५ अंशांच्या वर गेला तरी कोणी नवल करीत नाहीं. असें असूनहि पुन्हां संधि मिळाली तर सुटी मी तेथेंच घालवीन.

माझें आजोळ मूल व सिंदेवाही यांच्या दरम्यानच्या एका खेड्यांत आहे. पूर्वीचा चांदा जिल्हा तो हाच. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. परंतु जंगलाला, धानाच्या बांध्यांना किंवा लोकांच्या बोलीला ही सरकारी रेघ ठाऊक नाहीं. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील या साऱ्या मुलखाला तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात. घरांत ऐंशी वर्षांची आजी, निवृत्त शिक्षक असलेले मामा, मामी, आणि सुटीपुरतीं गोळा झालेलीं आम्हां भावंडांचीं चार बिऱ्हाडें; मिळून अकरा मोठीं माणसें व सात मुलें.

दिवसाची वांटणी तेथें ऊन करून देतें. पहांटे चारला घर जागें होई. झुंजुमुंजु होण्यापूर्वींच मामी व माझ्या वहिनी कुरडयांचा चीक शिजवीत आणि सूर्य वर येईपर्यंत अंगणांतील बाजांवर पांढऱ्या वेटोळ्यांच्या रांगा लागलेल्या असत. बाहेरचें काय असेल तें काम साडेआठच्या आंत. नऊला खिडक्या बंद, त्यांवर वाळ्याचे ओले पडदे. मग जेवण, झोंप, पत्ते, वाचन, कैरीचें पन्हें. दार पुन्हां उघडावयाचें तें पांच वाजतां. मुलें पहिले दोन दिवस कुरकुरलीं. तिसऱ्या दिवसापासून तीं न उठवितां उठूं लागलीं.

आतां परसबागेविषयीं थोडें सविस्तर सांगतें, कारण आमचा निम्मा जीव तेथें गुंतला होता. परसांत दोन जुने गांवठी आंबे, एक चिंच, लिंबाचीं तीन झाडें, कढीलिंब, मोगऱ्याचा ताटवा, मामांनीं दोन वर्षांपूर्वीं लावलेलीं आंब्याचीं पांच कलमें आणि आजोबांच्या हातचे नऊ गुलाब आहेत. मध्यें दगडी बांधणीची विहीर. रामनवमी झाली कीं तिचें पाणी झपाट्यानें उतरूं लागतें. आम्ही पोंचलों त्या संध्याकाळीं मामांनीं दोर सोडून पाणी मोजलें. तें अडीच हात भरलें. त्यांनीं सर्व मुलांना ओट्यावर बसविलें आणि शाळेंत सांगावें तसें सांगितलें, "घरखर्च भागवून बागेसाठीं रोज चौदा बादल्या. कोणाला किती, हें तुम्ही ठरवा."

मुलांची ती सभा मोठी ऐकण्यासारखी झाली. जुन्या आंब्यांना व चिंचेला थेंबहि नको, त्यांचीं मुळें तलावाच्या ओलीपर्यंत गेलेलीं आहेत, हें मामांनीं पटवून दिलें. कलमांना प्रत्येकीं एक. लिंबांना प्रत्येकीं दोन, कारण फळ धरलेलें असतांना पाणी तुटलें तर तें गळतें. मोगऱ्याला दोन; तो ऐन बहरांत होता. एक बादली तुळशीला आणि पांखरांच्या परळांना. केळ व अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर जगतात, त्यांची चिंता नव्हती. चौदा पुऱ्या झाल्या आणि गुलाब राहिले! माझ्या मोठ्या भावाची मुलगी, वय वर्षें अकरा, रडकुंडीस येऊन म्हणाली, "पण ते पणजोबांचे आहेत!" आजी माळ ओढीत बसली होती. ती शांतपणें म्हणाली, "राहूं देत, बाळ. ते असते तर त्यांनींहि पाणी कलमांनाच घातलें असतें." इतकें बोलून ती उठून देवघरांत गेली. आम्ही मोठीं माणसें एकमेकांकडे पाहात राहिलों.

यावर तोड निघाली ती बाजारांतील कुंभाराकडून. माठासारखीं पाझरणारीं, अरुंद तोंडाचीं पांच कच्चीं मडकीं आणून मामांनीं तीं कलमांच्या आळ्यांत गळ्यापर्यंत पुरलीं, पाण्यानें भरलीं व वर खापरी झांकली. मातीला जेवढी तहान तेवढें पाणी मडकें बाहेर सोडतें. वरची माती कोरडीच राहते, त्यामुळें ऊन त्यांतलें कांहीं चोरूं शकत नाहीं. चीनमध्यें दोन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकीच्या एका ग्रंथांत ही युक्ति लिहून ठेविलेली आहे. एकदां भरलेलें मडकें दोन दिवस पुरूं लागलें, आणि कलमांच्या पांच बादल्यांपैकीं तीन रोज वांचूं लागल्या. शिवाय झाडून जाळून टाकावयाचा पाचोळा आम्हीं सगळ्या आळ्यांत वीतभर जाड पसरला; फक्त खोडापासून तो हातभर दूर ठेवावा, नाहीं तर उधई लागते. ज्या भगिनींच्या अंगणांत दोन-चार झाडें आहेत आणि नळाला पाणी दिवसाआड येतें, त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. वांचलेल्या तीन बादल्या कोणाच्या वाट्याला गेल्या, हें सांगावयास नकोच. मात्र नऊपैकीं पांच गुलाब तोंवर वाळून गेले होते. चार पुन्हां फुटले.

विहिरीचें पाणी हें मुळांत तलावाचें पाणी. परसाच्या मागेंच तलावाची पाळ आहे आणि संध्याकाळीं मामा मुलांना घेऊन तिच्यावर फिरावयास जात. गोंड राजांनीं उत्तेजन दिलें व कोहळी समाजाच्या लोकांनीं आपल्या कसबानें या मुलखांत गांवोगांव असे तलाव बांधले. उताराला आडवी मातीची पाळ घालावयाची, पावसाचें पाणी अडवावयाचें आणि खालच्या बांध्यांतील धानाला तें पुरवावयाचें. पुढें ते मालगुजारांच्या ताब्यांत आले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली तेव्हां तलाव सरकारकडे आले, आणि लोक त्यांना माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यांत मामा तलाव, म्हणूं लागले. मुलांना या नांवाची फार मौज वाटली. आपल्या मामांचाच तलाव, असें धाकटे गांवभर सांगत सुटले. मालगुजारी गेली यांत वाईट कांहीं झालें नाहीं. परंतु दर उन्हाळ्यांत गाळ काढण्याचें व पाळ नीट करण्याचें जें काम पूर्वीं सक्तीनें कां होईना होत असे, तें पुढें कोणाचेंच राहिलें नाहीं. कित्येक तलाव निम्मे भरून आले आहेत. अलीकडे कांहीं ठिकाणीं शेतकरी तो गाळ उचलून शेतांत टाकतात. आम्हींहि दोन गाड्या आणून बागेंत घातला.

आमच्या येण्याच्या वेळीं मोहाचा बहर सरत आला होता. पहांटे वारा जंगलाकडून आला म्हणजे त्याचा गोड, किंचित् आंबूस दरवळ घरांत शिरे. मोहाचें फूल इतर फुलांप्रमाणें झाडावर कोमेजत नाहीं. त्याच्या पाकळ्यांचा रसानें फुगलेला पिंवळसर पेला पहांटेपासून आपोआप खालीं गळतो. बीजकोश मात्र देठाशींच राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं त्याचें फळ होतें. म्हणून फुलें कितीहि वेंचलीं तरी फळ बुडत नाहीं. त्या फळाला टोळ म्हणतात, व त्याच्या बियांचें तेल निघतें. एकाच झाडानें दोन पिकें द्यावीं, आणि तींहि शेतांत कांहीं पिकत नाहीं अशा दिवसांत! चैत्र-वैशाख हे आपल्याला रिकामे महिने वाटतात. येथें तीच सुगी असते.

मुलीला मोह वेंचावयास जावयाचें होतें. शेजारची म्हातारी, जिला सारा गांव नुसता 'माय' म्हणतो, रोज पहांटे सुनेला व आणखी दोन बायकांना घेऊन जाई. दादांनीं साफ नाहीं म्हणून सांगितलें. त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. ताडोबाच्या बाहेर ब्रह्मपुरीकडील जंगलांतहि वाघांची वस्ती दाट आहे. मोह खावयास अस्वलें येतात. आणि फुलें वेंचणारें माणूस वांकलेलें, पाठमोरें, अर्धवट अंधारांत असतें. २०२५ च्या मे महिन्यांत याच सिंदेवाही तालुक्यांत तेंदूचीं पानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मारल्या गेल्या. त्या गोष्टीची आठवण निघाली कीं तेथील बायका अजून आवाज खालीं आणतात. दादा मायला म्हणाले, "तुम्ही तरी कशाला जातां, माय? जीव कां धोक्यांत घालतां?"

म्हातारी ओट्याच्या पायरीवर टेकली. "बाबू, आमाले का हौस हाये का जंगलाची? मोहफूल झालं म्हनजे पावसाळ्याच्या बी-बियान्याचे पैसे होते. एकट्यानं नाई जात आमी. चौघी असल्या म्हनजे आवाज राहते."

दादा कांहीं बोलले नाहींत. मलाहि आमच्या प्रश्नाची लाज वाटली. आमच्या मुलीसाठीं जी सहल होती, ती मायच्या घरची वर्षाची शिल्लक होती. आणि न जाण्याची मुभा फक्त आम्हांला होती. बंगालच्या सुंदरबनांत १९८६ च्या सुमारास लोकांनीं डोक्याच्या मागें माणसाचे मुखवटे बांधून पाहिले होते, वाघ पाठीमागून झडप घालतो म्हणून. कांहीं काळ त्याचा उपयोगहि झाला. पण असल्या युक्त्यांपेक्षां मायची चार बायकांची व आवाजाची रीति मला अधिक भरंवशाची वाटते.

शेवटीं मध्यम मार्ग निघाला. जंगलांतले मोह नकोत. मायच्या शेताच्या बांधावर तिच्या मालकीचे दोन मोह आहेत, तेथें सूर्य उगवल्यावर, तिच्याबरोबर जावयाचें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. परक्याला सगळे मोह रानचे, कोणाचेच नव्हत, असें वाटतें. वस्तुतः गांवाच्या रीतीप्रमाणें बहुतेक मोह कोणत्या ना कोणत्या घरचे असतात. म्हणून मुलांनीं वेंचलेलें प्रत्येक फूल मायच्या टोपल्यांत गेलें. झाडाखालची जमीन तिनें आदल्या दिवशीं झाडून ठेविली होती. पुष्कळ लोक पाचोळा पेटवून जागा मोकळी करतात, आणि त्याच ठिणगीनें उन्हाळ्यांत वणवे लागतात. मायनें मात्र खराटा वापरला होता. शांतपणें उभें राहिलें तर फुलें गळण्याचा टप्-टप् आवाज चोहोंकडून ऐकूं येतो. आमचा चार वर्षांचा भाचा कितीतरी वेळ हात पसरून एकाच जागीं उभा होता, एखादें नेमकें तळहातावर पडावें म्हणून.

निघतांना मायनें ओंजळभर वाळलेला मोह मुलीच्या पदरीं घातला. घरीं आणल्यावर पंचाईत झाली! मोह म्हणजे दारू, एवढेंच आमच्या घराला ठाऊक. गडचिरोलींत १९९३ सालीं दारूबंदी झाली ती बायकांनीं व गांवोगांवच्या लोकांनीं मागितली म्हणून, आणि चंद्रपुरांत २०१५ सालीं झालेली बंदी २०२१ मध्यें उठली, हा सर्व इतिहास मामांनीं जेवतांना सांगितला. आजीनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "फुलानें काय पाप केलें?" तिच्या देखरेखीखालीं मोह भाजून, कुटून, तीळ व गूळ घालून लाडू वळले गेले. त्यांची चव खारीक व मनुका यांच्या मधली लागते. देवाला मात्र तिनें ते दाखविले नाहींत. मीहि विचारलें नाहीं.

चारोळीच्या बाबतींत असा प्रश्न आला नाहीं, पण आश्चर्य अधिक वाटलें. श्रीखंडावर आपण जी चारोळी पेरतों, ती चार नांवाच्या जंगली झाडाच्या फळांतील बी होय, हें मला स्वतःला चाळिसाव्या वर्षीं कळलें! वैशाखांत त्याचीं करवंदाएवढीं काळसर जांभळीं फळें पिकतात. तीं गोड लागतात. मुलांचे ओठ व सदरे रंगून गेले. फळें भिजवून, चोळून गर काढावयाचा, बाठे वाळवावयाचे, मग जात्यावर हलक्या हातानें भरडून कवच फोडावयाचें. मायच्या सुनेजवळ बसून मुलीनें दुपारभर हें काम केलें आणि जेमतेम एक वाटी चारोळी निघाली. त्या रात्रीं तिनें आईला विचारलें, "आपण दुकानांतून आणतों ती कोण फोडतें?"

ताडोबाला आम्ही गेलों नाहीं. त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटले. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालेलें तें रान आज सुमारें १,७२७ चौरस किलोमीटरांच्या व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे, आणि उन्हाळ्यांत प्राणी पाणवठ्यावर येतात म्हणून तेव्हांच तेथें पाहुण्यांची गर्दी उसळते. त्या जिपांची मला निंदा करावयाची नाहीं; आसपासच्या गांवांतील अनेक तरुणांना त्यांवर काम मिळालें आहे. परंतु ताडोबा हें नांव ज्या तारू देवाचें, तो वाघाशीं झुंजतांना मेलेला गांवाचा मुखिया होता, अशी लोककथा आहे. त्याचें ठाणें तेथल्या तळ्याकांठीं आहे. मायच्या ओट्यावर बसल्यानंतर ती कथा मला निराळीच ऐकूं येऊं लागली, आणि वाघ पाहण्याची उत्सुकता त्या सुटीपुरती ओसरली.

सहल झाली ती मार्कंड्याची, आणि तीहि आजीसाठीं. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा चामोर्शीजवळ मार्कंडा येथें कांहीं अंतर उत्तरेकडे वळते, म्हणून तें स्नानाचें पुण्यस्थान. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. वैशाखांत मात्र आमच्याशिवाय तेथें कोणी नव्हतें. पहांटे चारला निघून उजाडतां उजाडतां पोंचलों. नदी आक्रसून एका कडेला गेलेली, बाकी सर्व वाळूच वाळू. दोघी नातसुनांच्या खांद्यांवर हात ठेवून आजी घोटाभर पाण्यांत उतरली व लहान मुलासारखी हंसली. देवळांच्या भिंतींवरील कोरीव मूर्तींवर सकाळचें तांबूस ऊन तिरपें पडलें म्हणजे दगड मऊ भासतो. तें सौंदर्य अर्ध्या तासाचें. पुढें ऊन माथ्यावर आलें कीं सगळें सपाट दिसूं लागतें. नदींतल्या डांगराच्या वाडीवरून दोन टरबुजें घेतलीं. वाळूंत खड्डे करून, त्यांत शेणखत घालून ढिवर लोक हे वेल लावतात आणि शेजारींच झिरा खणून त्याच्या पाण्यावर तें पीक काढतात. नऊच्या आंत आम्ही परत फिरलों, तेव्हां वाळूवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

मेच्या आरंभीं तेंदूचा हंगाम लागला. मोहापेक्षां यांत पैसा अधिक, पण दिवस थोडे. आठ-पंधरा दिवसांत सारें आटोपतें. पहांटे जंगलांत जाऊन विडीचीं पानें तोडावयाचीं, दुपारीं घरच्या सावलींत सत्तर-सत्तर पानांचीं पुडकीं बांधावयाचीं, आणि संध्याकाळीं तीं फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागीं, नेऊन द्यावयाचीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर या व्यवहारांत बराच फरक पडला आहे. गडचिरोली जिल्ह्यांत धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवाला २००९ मध्यें सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामुदायिक हक्क मिळाला आणि २०११ मध्यें आपला बांबू आपण विकण्याचा परवाना त्या गांवाच्या हातीं आला. पुढें त्या जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचाहि व्यवहार स्वतः करूं लागल्या. पानांचा भाव आपण ठरवावा, ही गोष्ट शहरांतल्या माणसाला लहान वाटेल. ज्याच्या आईनें आयुष्यभर दुसऱ्यानें सांगितलेल्या भावानें पुडकीं मोजून दिलीं, त्याला विचारावें.

जंगलांत जाण्यास दादांनीं परवानगी दिली नाहीं ती नाहींच, आणि मायनेंहि तें बरोबरच मानलें. पण पुडकीं बांधावयास मुलगी रोज दुपारीं तिच्या पडवींत जाऊन बसे. आम्ही निघणार त्याच्या आदल्या संध्याकाळीं तिनें शेवटचें पुडकें बांधावयास घेतलें. मोजलें तों एकोणसत्तर. पुन्हां मोजलें, पुन्हां एकोणसत्तर. ती अंगणभर शोधीत हिंडली, तेव्हां हरवलेलें पान भाच्याच्या तोंडांत सांपडलें. त्यानें गुंडाळून त्याची पिपाणी केली होती. मुलगी त्याच्यावर धांवून गेली. मायनें तिला हातानेंच थांबविलें, चुरगळलेलें पान त्याचें त्याला परत दिलें, आपल्या ढिगांतून एक चांगलें पान काढून पुडक्यांत सरकविलें आणि सालीच्या दोरीनें गांठ मारली.